जखमेचं वय

हळदीत चुना कालवला की लाल रंग होतो, हे अमडापूरच्या पोरींना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात तांबडं होतं, हे कारण मला फार पुढे कळलं. गणपतीतल्या नाटकांत हेच आमचं रक्त. रंग फक्कड असायचा, तरी जखम पटायची नाही. ती नुकतीच कुणीतरी ओतल्यासारखी दिसायची.

खऱ्या जखमा शेतात रोज दिसत. विळ्याची चीर कडेने आधी सुकते, मध्ये ओली राहते. साकळलेलं रक्त तपकिरी पडतं. मुका मार तर दिवसागणिक रंग पालटतो: तांबूस, जांभळा-निळा, हिरवट, शेवटी पिवळा. कातडीखाली सांडलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं आधी बिलिव्हर्डिन, मग बिलिरुबिन होतं, त्याचे हे रंग. आई त्यावर आंबेहळदीचा लेप लावायची.

सिनेमात रंगभूषा करायला मुंबईत आले तेव्हा बाईने केस करायचे, चेहरा पुरुषाने रंगवायचा, असा रंगभूषाकारांच्या संघटनेचा दंडक होता. रंगभूषाकार चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2014 मध्ये तो मोडीत काढला. त्या निकालाचं ऋण माझ्यासारख्या प्रत्येकीवर आहे.

मग हातात नवी सामग्री आली. कलोडियन हा द्राव कातडीवर लावला की सुकताना आक्रसतो, ती ओढून घेतो आणि जुना वण उमटतो. सिलिकॉनची जखम चिकटवली की तिची कड कातडीत जिरवावी लागते. कड दिसली की सगळं संपलं. हिचकॉकच्या ‘सायको’त (1960) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे तिथे रंगापेक्षा दाटपणा महत्त्वाचा. आजचा कॅमेरा अशी सूट देत नाही.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, म्हणून मी दिग्दर्शकाला आधी विचारते, ‘हे कितव्या दिवसाचं आहे?’ बऱ्याचदा त्याचा विचारच झालेला नसतो. एका चित्रपटात नवऱ्याने मारलेल्या बाईच्या दंडावर वळ हवा होता. पटकथेत मारहाण एकदाच होती. माझ्या प्रश्नावर लेखिका बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘ही पहिली वेळ नसणारच.’ मी ताज्या जांभळ्या वळाशेजारी एक विरत चाललेला पिवळा डाग रंगवला. संवादात एका शब्दाचीही भर पडली नाही.