छिंगमिंगच्या अलीकडे-पलीकडे

18 मार्च 2025, हांगचौ
पोचलो. पाऊस. खोली दमट, पांघरूणही दमट. फोन चालू केला तर दादाचा मेसेज येऊन पडलेला : भाव काय?

19 मार्च
बाजारात फेरी. जिथे तिथे पाट्या, नवा लोंगजिंग चहा आला. नावाजलेला लोंगजिंग पश्चिम सरोवराच्या डोंगरांतला, तिथे खुडणी आत्ता कुठे सुरू होतेय. मग हा एवढा कुठून आला? बहुतेक वूनिउजाओ. वंचौकडची जात, लोंगजिंगच्या कितीतरी आधी फुटते. चपटी भाजली की वरवर पाहता तशीच दिसते. पान जरा रुंद, बुटकं. चव पातळ, घोटामागे काही उरत नाही. डब्यावर मात्र सरोवराचं चित्र.

20 मार्च
दादाशी बोललो. दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी गिऱ्हाइकाला ‘छिंगमिंगच्या आधीचा’च हवाय. कुठेतरी ऐकलंय. म्हटलं, छिंगमिंग, इथला पितरांचा सण, 4 एप्रिलला. त्याच्या आधीचे दर ऐकलेस तर झोप उडेल. “तू आण तर,” म्हणाला. चहावर आपल्याकडे 100 टक्के आयातशुल्क आहे, हे तो सोयीने विसरतो. इथला एक रुपया तिथे उतरेपर्यंत दोन. वर विमानभाडं. वर डबे.

22 मार्च
मेईजियावू. रस्त्यालगत खानावळी, मागे चहाचे उतार. खुडणाऱ्या बायका बाहेरून आलेल्या, आन्हुई, जिआंग्शी. कमरेला टोपली. कळीला नख लावत नाहीत. नखाने खुडलं की देठ तांबूस पडतो. चिमटीत धरून वर उचलतात, टक्. एक कळी, एक पान, कळी पानाहून लांब. ही वरची प्रत. पुढे कळी-पान सारखं, मग दोन पानं, तशी प्रत खाली.
संध्याकाळी एकीच्या टोपलीत डोकावलो. दिवसभराच्या कामानंतर जेमतेम तळ झाकलेला. ओली चार-पाच किलो पानं भाजली की किलोभर चहा हाती लागतो. मजुरी मळेवाल्याची, जेवण त्याचं, जाण्यायेण्याचं भाडं त्याचं. सकाळी दरावर चीड आली होती. आता चीड उतरली. दर तिथेच.

23 मार्च
भाव अर्ध्या किलोचा बोलतात. दादाला कळवताना दुप्पट करूनच कळवायचं.

25 मार्च
मार्चमध्ये हे उकडणं! कळ्या भराभर उघडताहेत. ज्यांच्याकडे उतरलोय त्या मालकीणबाईंचा सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू. कळी उघडली की प्रत गेली.
रात्री त्यांच्या नवऱ्याची कढई बघत बसलो. विजेवरची, आतून गुळगुळीत. कढईला आधी चरबीसारख्या वनस्पती-मेणाचा हात फिरवला. मग उघड्या तळव्याने पानं दाबायची, ओढायची, उचलून झटकायची. हातमोजे नाहीत. पहिली भाजणी, मग पसरून निववायचं, मग दुसरी, त्यात पान चपटं आणि तुळतुळीत होतं. दिवसभरात एका माणसाचा किलोभर चहा होतो. शेजारच्या घरात यंत्र घरघरत होतं. त्याचा चहा याच्याहून सरळ, एकसारखा. आणि बराच स्वस्त.

26 मार्च
पेले मांडले. 3 ग्रॅम, 150 मिली उकळतं पाणी, चार मिनिटं. सरकारी मानकात एक विशेष प्रत आणि खाली पहिली ते पाचवी. दुकानात प्रत्येकाच्या आपापल्या प्रती, ‘विशेष’च्याही वर तीन पायऱ्या.
‘लोंगजिंग 43’ आणि जुनी झाडं शेजारी शेजारी ठेवली. 43 कलमी. लवकर फुटतं, सगळी झुडपं जवळपास एकदमच. पानं एका साच्यातली. जुनी झाडं बियांवरची. एक आज फुटेल, शेजारचं चार दिवसांनी. चहा ओबडधोबड, पिवळसर. दिसण्यात 43 ला तोड नाही. पेल्यात जुन्याचा वास भाजलेल्या हरभऱ्यासारखा, आणि पेला रिकामा झाल्यावरही घशात गोडवा. पण जुनी झाडं उशिरा फुटतात. छिंगमिंगच्या आधी त्यांचा चहा मूठभरच. बाकीचा तारखेच्या पलीकडे पडतो आणि तेवढ्यानेच उतरतो. हे मला पटत नाही.

28 मार्च
कालपर्यंत अर्ध्या बाह्या, आज स्वेटर. खुडणी थबकली. उतरते भावही थबकले.

30 मार्च
पाडवा. गुढी व्हिडिओवर पाहिली. श्रीखंडाचा फोटो पाठवणं हा शुद्ध दुष्टपणा. कडुनिंबाच्या जागी तिसऱ्या दुकानातला करपलेला नमुना.

1 एप्रिल
सरोवराच्या चहाला शिक्के असतात. मळेवाल्याच्या जमिनीच्या हिशेबाने मोजून मिळतात. डब्यावर चिकटवायचा, गिऱ्हाइकाने फोनवर तपासायचा. 2022 पासून सरोवराच्या लोंगजिंगसाठी शहराचा वेगळा कायदाच आहे. आज एकाने आवाज खाली आणून सुटे शिक्के देऊ केले. चहा कुठलाही घ्या म्हणाला. फोनवर शिक्का खराच निघेल. आतल्या पानांना कोण विचारतो? चहा पिऊन उठलो.

3 एप्रिल
मालकीणबाईंच्या मळ्याचा दर, 43, हातभाजणी : 3,600 युआन.

4 एप्रिल
छिंगमिंग. सुट्टी. लोक पूर्वजांची थडगी झाडायला डोंगरावर. रस्ते तुंबलेले.

6 एप्रिल
तोच मळा, त्याच बायका, तीच कढई. 2,700.

8 एप्रिल
शिनचांग. घाऊक बाजार. पोत्यांच्या रांगा, पोत्यामागे माणूस. व्यापारी येतो, मूठभर उचलतो, हुंगतो, परत टाकतो, भाव पुटपुटतो, पुढे. इथला चहा ‘दाफो लोंगजिंग’. लोंगजिंग म्हणवून घ्यायचा हक्क कायद्याने तीन पट्ट्यांना आहे, शीहू, च्यानथांग, यूएचौ. शिनचांग तिसऱ्यातलं. पण सरोवराचं नाव फक्त पहिल्याला. एका पोत्यावर अडकलो. काल खुडलेला, कळी-पान सारखं, भाजणी चोख. 480. दादाला फोन लावला.
“सरोवराचा आहे?”
“नाही.”
बराच वेळ गप्प.

12 एप्रिल
मालकीणबाईंना विचारलं, तुम्ही स्वतः कुठला पिता? जाड काचेचा उंच ग्लास पुढे केला. मोठाली पानं तळाशी. दिवसभर वरून पाणी ओततात. गेल्या साली गूयूच्या, म्हणजे 20 एप्रिलच्या सुमाराचा. “कळ्या विकायला असतात.”
माडीवर रांजण दाखवला. तळाला कापडात बांधलेला कळीचा चुना, वर कागदाच्या पुड्या. चुना ओल ओढून घेतो. काही दिवस असा ठेवला की भाजणीचा उग्रपणा जातो. म्हणजे भट्टीवरचा ताजा-ताजा चहा म्हणून जो पर्यटक पळवतात, तो यांच्या लेखी अजून तयारच नसतो.

13 एप्रिल
दादाला चार पुड्या. वर नुसते आकडे. 1 सरोवर, 2 एप्रिलचा, 43. 2 सरोवर, जुनी झाडं, 9 एप्रिलचा. 3 शिनचांग. 4 वूनिउजाओ, मुद्दाम.

19 एप्रिल
दादाला 3 आवडला. वहिनींना 2. 1 बद्दल दादा म्हणाला, “वास छान आहे, पण यात चहा कुठाय?” दुधात उकळलेल्यावर वाढलेली जीभ. 4 त्याने बरोबर बाजूला काढला, हे मात्र मानलं.
मग विचारलं, “यातला महागातला कुठला?”

20 एप्रिल
गूयू. मळ्यांत बायका कमी झाल्यात.
ठरलं. शिनचांगचा वीस किलो. वहिनींच्या 2 चा दोन किलो. 1 चा अर्धा, गिऱ्हाइकाच्या बड्या साहेबांपुरता.

21 एप्रिल
डब्यावर काय छापायचं यावर सकाळपासून वाद. दादाला सगळ्यांवर ‘छिंगमिंगच्या आधीचा’ हवंय. मी मजकूर पाठवून दिला : शिनचांग, खुडणी 7 एप्रिल.
रात्री त्याचं उत्तर. तारीख बारीक अक्षरात घे.