अंड्याविना मॅकरॉन

मॅकरॉन हा फ्रेंच पदार्थ दिसावयास लहान, पण करणाऱ्याची परीक्षा पाहणारा. बदामाचे पीठ, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा फेस एवढेच त्याचे भांडवल. दोन गुळगुळीत टिकल्या, मध्ये सारण आणि प्रत्येक टिकलीच्या बुडाशी जाळीदार झालर. या झालरीला फ्रेंच लोक ‘पाय’ म्हणतात. ती उमटली नाही तर सारा खटाटोप वाया गेला असे समजतात. राज्यक्रांतीत मठ बंद झाले तेव्हा नॅन्सी शहरातील दोन जोगिणींनी मॅकरॉन विकूनच चरितार्थ चालविला होता.

नाशिकच्या एका ओसवाल भुसार व्यापाऱ्याच्या घरात हा पदार्थ शिरला तो मात्र दुःखाच्या वाटेने. बारा वर्षांच्या नातीने मैत्रिणीच्या वाढदिवशी तो खाल्ला आणि त्यात अंडे असते हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. कोणी न सांगता तिने आयंबिल केले. पण पुढे कित्येक दिवस ती कोणाच्या घरी पाण्याच्या पेल्यालाही हात लावीना. मुलीचे मन असे आक्रसावे, हे तिच्या आईला रुचले नाही. तोच पदार्थ आपल्या नियमांत बसवून करावयाचा, असे तिने ठरविले.

वाट फ्रान्सनेच दाखविली होती. कडधान्य शिजविलेले पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते, हे जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने २०१४ मध्ये जगापुढे मांडले. पुढल्या वर्षी अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव दिले. दाण्यांतील प्रथिने व पिष्ट पाण्यात उतरतात आणि घुसळताना हवा धरून ठेवतात. आपल्याकडे कित्येक घरांत हेच पाणी मोरीत ओतले जाते!

सासूबाईंनी मात्र हरकत घेतली, आणि ती हलकी नव्हती. त्यांनी यशोधर राजाची कथा काढली. राजाने जिवंत कोंबडा मारला नव्हता, पिठाचा केला होता. तरी त्याला आणि त्याच्या मातेला जन्मोजन्मी तिर्यंच योनीत फिरावे लागले. “अंडं नाही, पण अंड्याची नक्कल तर आहे ना? भाव कुठे गेला?” सूनबाई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, “आई, त्या पिठाच्या कोंबड्यात मारण्याचा संकल्प होता. माझा संकल्प टाळण्याचा आहे.” सासूबाईंनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. व्यापाऱ्याच्या घरात अशा मौनाचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो.

नियमांची यादी लहान नव्हती. लोणी महाविगईत मोडते, म्हणून नेहमीचे लोण्याचे सारण बाद. हरभऱ्याशी कच्चे दूध वा दही आले की द्विदलाचा दोष, म्हणून तेही बाद. बदामाची दोन दले होत असली तरी त्यातून तेल निघते. तो द्विदलात धरीत नाहीत. फेस टिकावा म्हणून घालतात ते क्रीम ऑफ टार्टर द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत साचलेल्या क्षारापासून होते. त्याच्या जागी लिंबाचे थेंब. सारण आंब्याच्या रसाचे, साखरेत आटविलेले. पण आर्द्रा नक्षत्र लागले की या घरात आंबा बंद, म्हणजे मुदत जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच. शिवाय ते पाणी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरण्याची रीत इथे चालणार नव्हती. वासी ते वासीच.

सूर्योदयानंतर काबुली चणे उकळत्या पाण्यात भिजवावयाचे, नऊला शिजवावयाचे, पाणी अर्धे आटवावयाचे, आणि दुपारी घुसळावयाचे. ७५ ग्रॅम पाण्याला ११० ग्रॅम बदामपीठ. वजन सराफाच्या काट्याने केल्यासारखे. पहिला घाणा पाणी पातळ राहिल्याने पसरून पोळीसारखा झाला. दुसऱ्याचे माथे तडकले, कारण टिकल्या भट्टीत घालण्यापूर्वी वरची साय नीट सुकली नव्हती. तिसऱ्याला पाय आले, पण एकाच बाजूला. बदामाचा भाव पाहता हा खर्च दुकानाच्या वहीत पडला असता, तर मुनीमजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचला असता.

चौथा घाणा आर्द्रेच्या दोन दिवस आधीचा. आकाश भरून आलेले, हवा दमट. टिकल्यांवर साय धरावयास दीड तास लागला. मग १३० अंशांवर अर्धा तास. नात भट्टीच्या काचेसमोर मांडी घालून बसली होती. दहाव्या मिनिटाला कडेने झालर वर आली, सर्व बाजूंनी सारखी, आणि ती ओरडली, “आजी, पाय!”

सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून आल्या. त्यांचे त्या दिवशी एकासणे होते, ते दुपारीच आटोपले होते. त्यांनी एक टिकली उचलून प्रकाशात धरली, उलटसुलट पाहिली, परत ठेवली आणि सूर्यास्ताला किती अवकाश आहे ते विचारले. दोन तास होते.

“मग आठ डब्यात भरा,” त्या नातीला म्हणाल्या, “आणि वाढदिवस झाला त्या घरी देऊन ये. आपल्याकडे कसं करतात तेही सांग. आणि त्यांनी पाणी दिलं तर पिऊन ये.”