गोल्फ क्लबवरची निवड समिती

जानेवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना नाशिकला झाला, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आमच्या गोल्फ क्लबवर. मैदानात ऋतुराज गायकवाड, आणि आमच्या रांगेत भांडण भलत्याच सामन्यावरून. आदल्याच आठवड्यात वडोदऱ्याला विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने आपल्याला धू धू धुतलं होतं. 3 बाद 380. करुण नायर 44 चेंडूंत नाबाद 88. आपण 311 पर्यंत पोचलो, 69 धावांनी गेलो. त्या दिवशी अकरांत कोण हवा होता आणि कोण नको होता, याची सुनावणी नानांसमोर चालू होती.

नाना वडिलांचे मित्र, नोट प्रेसमधून निवृत्त. स्वेटर, कानटोपी, मांडीवर भत्त्याची पुडी. खिशातून त्यांनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. त्याच्या पाठीवर मधोमध रेघ ओढून दोन रकाने केलेले. डावीकडे 2014 चा अंतिम सामन्यापर्यंत गेलेला रणजी संघ, उजवीकडे आत्ताचा. अक्षर असं, की एक नाव दुसऱ्याला चिकटणार नाही. दोन्ही रकान्यांत एकच नाव होतं, अंकित बावणे. आणि तोच एका सामन्याच्या बंदीमुळे बडोद्याविरुद्ध खेळत नव्हता.

“बघ,” नाना म्हणाले, “खडीवाले, झोल, केदार, बावणे. त्यांच्यापुढे हे काय रे?”

“नाना, तेव्हा केदार भारताकडून एकही वनडे खेळला नव्हता,” मी म्हटलं. “आज तुमच्याकडे ऋतुराज आहे. त्रिपाठी आहे. नावं आजचीच जड आहेत.”

“नावं!” नाना उसळले. इथे मी दारूगोळ्याच्या कोठारात काडी टाकली होती. 1971 ची रणजी फायनल हा नानांचा दुखरा दात. त्या वर्षी वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला. मुंबई आपली दुसरी फळी घेऊन सुधीर नाईकच्या कप्तानीखाली उतरली. आपल्याकडे कप्तान चंदू बोर्डे. तरी 48 धावांनी हरलो. देवधरांच्या संघाने 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा रणजी करंडक आणला, त्यानंतर आजतागायत तो आपल्याकडे आलेला नाही. 1971, 1993, 2014, तीनदा दारापर्यंत जाऊन परत.

नानांशी माझं पटत नाही ते त्यांच्या रकान्यांवरून. फलंदाजासमोर फलंदाज, यष्टिरक्षकासमोर यष्टिरक्षक ठेवून वजन करायचं, जसं काही प्रत्येकाला समोरच्याशीच कुस्ती खेळायची आहे. त्या 2013-14 च्या हंगामात केदारने 1223 धावा काढल्या, कबूल. पण तो संघ पुढे गेला कसा? उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडेवर मुंबईला दुसऱ्या डावात 129 मध्ये गुंडाळलं, म्हणून केदार आणि झोलला पाठलाग करता आला. उपांत्य सामन्यात इंदूरला समद फल्लाहने सात बळी घेतले, बंगाल 114. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो, त्यामुळे असं एक सत्र मिळालं की पुढचे दिवस तुमचे. अंतिम सामन्यात ते सत्र आलं नाही. आपल्या 305 ला कर्नाटकाने 515 चं उत्तर दिलं आणि करंडक नेला. बाद फेरीचा संघ निवडायचा तर आधी फल्लाह शोधा, सलामीचं नंतर बघू.

मागच्या पायरीवर एक पोरगा बसला होता, जिल्हा संघाच्या चाचणीला जाणारा. तो म्हणाला, “काका, मग घोष आहे की.”

यावर मात्र आख्खी रांग एक झाली. रामकृष्ण घोष नाशिकचा. याच महिन्यात विजय हजारेत हिमाचलविरुद्ध 42 धावांत सात बळी. नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात चेन्नईने 30 लाखांना घेतलेला. नानांनी पाकिटावर त्याच्या नावाखाली दोनदा रेघ मारली. आपल्या गावच्या पोराला ते कधीच वजनात तोलत नाहीत, त्याला थेट पास.

खरं म्हणजे नाशिककराची मूळ तक्रार डावखुऱ्या फिरकीबद्दलची. बापू नाडकर्णी इथे जन्मले, महाराष्ट्राकडून खेळले, पुढे मुंबईकडे गेले. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. हे आकडे नाना रामरक्षेसारखे म्हणतात. आता सत्यजित बच्छाव, तोही डावखुरा, तोही इथलाच. संघ जाहीर झाला की नाना आधी त्याचं नाव शोधतात, मग ऋतुराजचं. पुण्यात बसून निवड समितीला नाशिक दिसत नाही, असं त्यांचं ठाम मत. मला ते पूर्ण पटत नाही, पण गोल्फ क्लबवर बसून तसं बोलायची सोय नाही.

बडोद्याला आपण 439 धावांनी हरवलं. त्या संध्याकाळी नानांच्या संघात सगळ्यांनाच जागा होती. पण बाद फेरी काही गाठता आली नाही. करंडक विदर्भाने जिंकला, तोही नागपुरात केरळविरुद्ध अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर. मी नानांना फोन केला. म्हटलं, “आघाडी, नाना. 37 ची.”

“त्यांनी करुण नायर आणला बाहेरून,” नाना म्हणाले. “आणि आपण त्यांचाच गुरबानी आणला.”

पुढच्या हंगामाआधी पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना महाराष्ट्राकडे आल्याची बातमी आली, तेव्हा फोन त्यांचा आला. नवीन पाकीट घेतलेलं होतं. शॉला सलामीला ऋतुराजबरोबर टाकून झालं होतं, त्यावर चर्चा नको म्हणाले. प्रश्न पुढचाच होता.

“जलज ऑफस्पिन टाकतो, बॅटिंगही करतो, मान्य. पण मग बच्छावला बसवायचं कुठे, ते सांग.”