काळा पडदा, चालू पंखा

जुलैतली सकाळ होती. रात्रभराच्या पावसानं वसई-विरारच्या आचोळे रोडवर घोट्याएवढं पाणी साचलं होतं. दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत एक बाई आणि त्यांचा बारावीतला मुलगा पायरीवर येऊन उभे राहिले. मुलानं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला गेमिंग लॅपटॉप छातीशी धरला होता. "काका, रात्री चालू होता. आता काहीच दिसत नाही." मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा एकदा फिरून थांबला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

यंत्र उघडण्याआधी मी नेहमी आदल्या रात्रीची हकीकत विचारतो. मुलानं गेम बंद केला, कोपऱ्यात अपडेटची सूचना होती म्हणून 'रीस्टार्ट' दाबलं आणि तो झोपला. थोड्या वेळानं आईला जाग आली ती पंख्याच्या आवाजानं. पडदा काळा आणि पंखा मात्र भणाणत होता. पोरगा चालूच ठेवून झोपला, तापून काही पेटायला नको, असं मनात येऊन त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅपटॉपला बॅटरी नव्हती. वर्षभरापूर्वी ती फुगली म्हणून काढली, नवी घ्यायचं राहून गेलं.

त्या माउलीची यात काडीचीही चूक नव्हती. बायोसचं अपडेट चालू असताना लॅपटॉप बाहेरून अगदी असाच दिसतो. पंख्यावर देखरेख करणारा छोटा कंट्रोलरही बऱ्याचदा त्याच वेळी नवा होत असतो, त्यामुळे पंख्याला लगाम राहत नाही आणि तो पूर्ण वेगानं फिरतो. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप विकणाऱ्यानं नाही, आणि वर्षभरापूर्वी बॅटरी काढून देणाऱ्यानंही नाही.

मदरबोर्डवर आठ पायांची, तुरीच्या डाळीएवढी एक चिप असते. तिच्यात बायोस राहतो. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो हाच. मेमरी किती आहे, डिस्क कुठे आहे, प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे, हे सगळं तो लावून देतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. या चिपवर नवं लिहायचं तर जुनं आधी पुसावं लागतं. पाटीसारखंच. जुनं पुसून झालंय आणि नवं अर्धंच लिहिलंय, अशा वेळी वीज गेली की बटण दाबल्यावर जागं होणारं कुणी उरत नाही. काही कंपन्या आणीबाणीसाठी बायोसची एक प्रत बाजूला राखून ठेवतात आणि ठरावीक बटणं एकत्र दाबून ती परत आणता येते. या लॅपटॉपवर तो उपाय चालला नाही.

मी हार्डवेअरचा कोर्स करत होतो तेव्हाची, २६ एप्रिल १९९९ची गोष्ट. सीआयएच नावाच्या व्हायरसनं त्या दिवशी आशियाभर असंख्य संगणक बंद पाडले. त्यानं डिस्कवरची माहिती पुसलीच, शिवाय काही मदरबोर्डांवरचा बायोसही खराब केला. सॉफ्टवेअर बिघडलं तर फार तर फॉरमॅट मारावा लागतो, मदरबोर्ड काही मरत नाही, असं आम्ही तोवर घोकत होतो. ती समजूत त्या दिवशी गेली. तेव्हापासून बायोसला हात लावताना माझा श्वास थोडा रोखलेला असतो.

अशी मेलेली चिप जिवंत करायला तिच्यावर चिमट्यासारखी क्लिप लावतात, क्लिप प्रोग्रामर नावाच्या उपकरणाला जोडतात आणि दुसऱ्या संगणकावरून तिच्यात बायोस भरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही साधनं सहज मिळतात, व्हिडिओ पाहून कामही शिकता येतं, म्हणूनच त्यात घात होतो. काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. अंदाजानं क्लिप लावली तर चिप जळू शकते. त्याहून मोठा घात मी स्वतः केला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये मी त्याच मॉडेलची दुसऱ्या यंत्रातून काढलेली फाइल भरली. लॅपटॉप सुरू झाला, दोघंही खूश. आठवड्यानं ते गृहस्थ परत आले. विंडोज लायसन्स मागत होतं, आणि स्क्रीनवर दिसणारा सीरियल नंबर तळाच्या स्टिकरशी जुळत नव्हता. विंडोज ८ पासून कंपनीनं घालून दिलेल्या विंडोजची किल्ली बायोसच्या चिपमध्येच असते, सीरियल नंबरही तिथेच. मी त्यांच्या यंत्राची ओळखच पुसून टाकली होती आणि जुन्याची प्रत ठेवली नव्हती. विंडोजचे पैसे मी भरले. ओळख परत देता आली नाही, ते अजून मनाला लागतं. आता मी चिप तीनदा वाचतो, तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहतो, त्या जपून ठेवतो आणि मगच काही पुसतो.

गिऱ्हाइकांत मला दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका. दुसरा रोज सकाळी देवपूजेसारखं अपडेट शोधतो. मी दोघांशीही भांडतो, कारण 'अपडेट' या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं येतात आणि प्रत्येकाचा धर्म वेगळा आहे.

विंडोजच्या सुरक्षेची दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. ती चार-आठ दिवसांत घ्यावी, टाळू नये. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं.

ग्राफिक्स ड्रायव्हरचं तसं नाही. विंडोज फक्त 'हे चित्र काढ' एवढंच सांगतं. ग्राफिक्स कार्डाच्या हजारो छोट्या गणकांकडून ते प्रत्यक्ष काढून घ्यायचं काम ड्रायव्हर करतो. नवा गेम आला की कार्डाची कंपनी त्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये खास सुधारणा करते. तो गेम तुम्ही खेळणार असाल तर ड्रायव्हर घ्या. गेम मध्येच बंद पडत असेल किंवा सुरक्षेची दुरुस्ती असेल तरी घ्या. नाहीतर नव्या ड्रायव्हरला पंधरा दिवस मुरू द्यावं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया या कार्डवाल्या कंपनीनं १९६.७५ हा ड्रायव्हर काढला आणि काही दिवसांतच मागे घेतला. काही कार्डांचे पंखे त्याच्यामुळे नीट फिरत नव्हते, कार्डं तापत होती. ज्यांनी घाई केली नव्हती ते वाचले. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारे विरारचे कितीतरी जण गेमिंग लॅपटॉपच वापरतात. त्यांना मी गेमचा ड्रायव्हर न घालता त्याच कंपनीचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर घालून देतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर चाचण्या करून काढलेला असल्यानं तो स्थिर असतो. आणि लग्नसराईच्या मध्यात मी त्याला हातही लावत नाही.

ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात चालतो, म्हणून तो चुकला की अख्खं यंत्र बसतं. १९ जुलै २०२४ ला हे साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर वाचतो ती एक सदोष फाइल पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. गेमवाल्यांनी याच जातीची दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. गेनशिन इम्पॅक्ट या गेममध्ये फसवणूक पकडण्यासाठी जो ड्रायव्हर होता, तोच वापरून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. ज्यांच्या यंत्रात तो गेम कधी नव्हता, तिथेही त्यांनी तो ड्रायव्हर सोबत नेला होता. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं दिसली की मी हेच सांगतो. गाभाऱ्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यावा नाहीतर कार्डाच्या कंपनीकडून, आणि तोही तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर वाचून. झाकणावर एकच नाव मिरवणाऱ्या लॅपटॉपांच्या पोटात निरनिराळे मदरबोर्ड असतात.

आणि कृपा करून, लॅपटॉप तापला की ड्रायव्हरला दोष देऊ नका. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या बाजूनं येणाऱ्या यंत्रांत तांब्याच्या जाळीवर हिरवट थर चढलेला असतो, खाऱ्या हवेचा. पूर्वेच्या वालीव-सातिवलीच्या कारखान्यांजवळून येणाऱ्यांत काळी धूळ. त्यावर इलाज ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट हाच. पाच वेळा ड्रायव्हर बदलून आलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपची मी फक्त जाळी साफ केली आणि त्याचा गेम अडखळायचा थांबला.

राहिला बायोस. त्याच्या बाबतीत मी पहिल्या पंथाच्या जवळ आहे, पण पुरता त्यांचाही नाही. नव्या बायोससोबत कंपनीची टीप येते, ती वाचावी. सुरक्षेचं भोक बुजवलंय, चार्जिंगचा किंवा तापण्याचा दोष काढलाय, असं असेल तर तो घ्यावाच. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्ट मागून घेऊन झिजत होते. ऑगस्टमध्ये त्यावरची दुरुस्ती आली ती बायोसमधूनच. 'चालतंय' म्हणून बसलेल्यांचा प्रोसेसर आतून झिजत राहिला, आणि झिजलेला कुठल्याही अपडेटनं भरून येत नाही.

बायोस केव्हा घ्यायचा, हे मात्र वसई-विरारमध्ये पाऊस ठरवतो. १० जुलै २०१८ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. रुळांवर पाणी, लोकल बंद, घरांत पाणी, आणि पाण्यामुळे वीजपुरवठाही बंद. इतकं एरवी होत नाही, पण पावसाळ्यात दोन-पाच मिनिटांसाठी लाईट जाणं हे नित्याचं. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला काय होतंय, असं लोक म्हणतात. ती बॅटरी असते कुठे? गेमिंग लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावलेला, उष्णतेत शिजलेला. दोन-तीन वर्षांत बॅटरी फुगते किंवा नावापुरती उरते. म्हणून मी सांगतो, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर आजच लावा. तातडीचा नसेल तर बायोस नवरात्रानंतर घ्या. तातडीचा असेल तर बॅटरी धड असू द्या किंवा यूपीएस लावा. हल्ली बायोस विंडोजच्या अपडेटमधूनच, न विचारता येऊन बसतो, म्हणून रीस्टार्ट दाबण्याआधी यादीत 'फर्मवेअर' हा शब्द आहे का, तेवढं बघा.

आणखी एक. नव्या लॅपटॉपांवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोस बदलला की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. पण ते खातं कुणाचं? एका एडिटरच्या बाबतीत ते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदारानं घाईत उघडलेलं निघालं. त्याचा ईमेल आणि पासवर्ड दुकानदारालाही आठवेना. तीन लग्नांचं चित्रण त्या डिस्कवर होतं. मी आठवडाभर प्रयत्न केले. ते परत आलं नाही, येणारही नव्हतं, कुलूप त्यासाठीच असतं. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे हेच कुलूप, तात्पुरतं थांबवा, आणि ते ४८ आकडे आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

आमच्या भागात २०१७-१८ चे जुने गेमिंग लॅपटॉप हातोहात फिरतात. सातव्या पिढीचा आय-सेव्हन प्रोसेसर, जीटीएक्स १०५० किंवा १०६० ग्राफिक्स कार्ड. त्यांच्यासाठी सगळं एकाच महिन्यात आलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, फक्त वर्षभराची सुरक्षा मुदतवाढ मिळाली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. आणि त्याच ऑक्टोबरात एनव्हिडियानं या कार्डांचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असं सांगितलं. असा लॅपटॉप घ्यायला निघालेल्या मुलांना मी हे विकत घेण्याआधी सांगतो. जीटीएक्स १६५० असेल तर गोष्ट वेगळी, ते कार्ड पुढच्या पिढीचं आहे.

त्या मुलाचा लॅपटॉप तीन दिवस माझ्याकडे होता. चिपवरचा बायोस अर्धामुर्धा होता, पण ओळखीचा भाग शाबूत होता. सीरियल नंबर आणि विंडोजची किल्ली त्यातून उचलून नव्या फाइलमध्ये बसवली. तिसऱ्या दिवशी लोगो उमटला. बॅटरी नवी घातली, पैसे दोन हप्त्यांत घ्यायचं ठरलं. मायलेक न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, दहा मिनिटं बसा. त्या रात्री अर्धवट राहिलं ते आता तुमच्यासमोर पुरं करतो."

मी अपडेट सुरू केलं. पडदा काळा झाला. पंखा आधी हळू, मग वाढत वाढत भणाणू लागला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. बाहेर पावसाची सर आली, ट्यूबलाइट एकदा मिचमिचली. त्यांचा हात पदरावर घट्ट होता आणि नजर भिंतीवरच्या बटणाकडे. "हे असंच होतं त्या रात्री," त्या हळूच म्हणाल्या. "असंच असतं, वहिनी." त्या घड्याळाकडे बघत बसल्या. सातव्या मिनिटाला पंखा मंदावला.