शीव चालत जाते

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातला 15वा अध्याय बहुतेक वाचक भराभर उलटतात. गावं, दऱ्या, झरे, पुन्हा गावं. सावकाश वाचणाऱ्याला मात्र तिथं यहूदा वंशाची शीव चालताना दिसते. दक्षिणेला ती मृत समुद्राच्या टोकाशी निघून विंचवांच्या चढणीकडे वळते. उत्तरेला एन-रोगेलच्या झऱ्यापाशी येऊन हिन्नोमच्या दरीनं यरुशलेमच्या कडेकडेनं वर चढते. नकाशा नव्हताच. शिवारातून हिंडणाऱ्या जाणत्या माणसानं दाखवावं आणि कारकुनानं उतरवून घ्यावं, तसा सगळा मजकूर.

इस्राएलाच्या उरलेल्या सात वंशांच्या जमिनीची वाटणी शिलोला झाली. प्रत्येक वंशातली तीन माणसं देश फिरून आली, त्यांनी सात भाग लिहून आणले आणि यहोशवानं देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या. या याद्या पुढच्या राजांच्या दफ्तरांतून आल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. असेना का! वाटणी कुणा माणसाची नाही, हे सांगण्यासाठीच तर चिठ्ठी.

मराठी बायबलात अशा वाट्याला ‘वतन’ म्हटलंय. शब्द चपखल, पण जरा फसवा. आपल्याकडचं वतन सरकारनं चाकरीसाठी दिलेलं. इथं देणारा देव, आणि दिल्यावरही मालक तोच. लेवीय पुस्तकाच्या हिशेबानं माणसं नुसती कुळं. त्यामुळे शेत कायमचं विकता येत नाही. विकायचं ते पुढच्या योबेल वर्षापर्यंतचं पीक. 50व्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत.

म्हणूनच बांध कोरणं हा नुसता शेजाऱ्यांतला तंटा राहत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शापांची एक यादी आहे. पहिला शाप गुपचूप मूर्ती करणाऱ्याला, दुसरा आईबापांचा अपमान करणाऱ्याला आणि तिसरा थेट शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणाऱ्याला. दगड सरकवायला साक्षीदार लागत नाही, एक अंधारी रात्र पुरते. जिथं पंच पोचत नाहीत, तिथं शाप पाठवलाय.

इज्रेलच्या नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथं भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख चांदी घे, म्हणाला. सौदा काही वाईट नव्हता. नाबोथ मात्र वाडवडिलांचं वतन द्यायला तयार झाला नाही. राजा घरी येऊन तोंड फिरवून उपाशी झोपला, आणि राणी ईजबेलनं खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी मारवलं.

मनश्शे वंशातल्या सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच लेकींनी मोशेपुढे उभं राहून बापाचा वाटा मागितला, आणि मिळवला. मग मनश्शे वंशातले वडीलधारे जागे झाले: पोरी परक्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल! लग्न वंशातच करायचं, अशी अट पडली. आधी हक्क, पाठोपाठ कुंपण.

1910 साली शोमरोनच्या उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं निघाली. इसवी सनपूर्व आठव्या शतकातली, जुना द्राक्षारस आणि तेल यांच्या नोंदींची. माल कुठून आला, हेही त्यांवर आहे: अबियेजेर, शखेम, शमीदा ही मनश्शेच्या कुळांची नावं. त्यांच्याच रांगेत, मालाच्या बुधल्यांशेजारी, नोआ आणि होग्ला.