यंत्राच्या हाताला वळण

पाटीवरचा पहिला 'श्री' कुणी आपल्याला समजावून सांगितलेला नसतो. आई मागे बसते, आपली मूठ आपल्या मुठीत घेते आणि पेन्सिल फिरवते; चारदोन दिवसांनी हात आपला आपण वळू लागतो. हीच युक्ती आता यंत्रमानवाला लागू पडली आहे, हे ऐकून मला मोठी मौज वाटली.

ही वार्ता आमच्या भाच्याची. तो चाकणला नोकरीला असतो आणि रविवारी मुलुंडला आमच्याकडे जेवायला येतो. यंत्राला काम सांगायचे तर आधी त्याची भाषा शिकावी, हा आजवरचा रिवाज. पण तो म्हणाला, "मामा, आता बटण दाबलं की यंत्राचा हात सैल होतो. तो धरून स्क्रूपाशी न्यायचा आणि 'ही जागा लक्षात ठेव' म्हणायचं. मग दिवसभर तो तेच गिरवतो!" असे हात विकायला एका डॅनिश कंपनीने २००८ साली सुरुवात केली आणि २०१० पासून बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यात ते आले. बोस्टनच्या रॉडनी ब्रुक्स यांनी तर २०१२ साली 'बॅक्स्टर' आणला. त्याला पडद्यावर डोळे आणि भुवयाही होत्या! त्यांची कंपनी २०१८ साली बंद पडली. शहाण्यांची दुकाने चालतातच असे नाही.

आमचे शेजारी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होते. तो कारखाना गेला, तिथे आता उंच इमारत आहे. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "जागा दाखवशील रे, पण नेट किती लावायचा ते?"

"त्यासाठी मनगटात दाब मोजणारं उपकरण बसवतात, काका."

"बरं. आणि ज्यानं शिकवलं, त्याचं पुढं काय?"

भाचा ताकाच्या भांड्याकडे पाहू लागला. मला वाटते, खरा प्रश्न हाच. बाहेरच्या इंजिनियराऐवजी रोज ते काम करणाराच यंत्राचा गुरू झाला, ही गोष्ट चांगलीच. पण गुरुदक्षिणेचा हिशेब कुणी मांडायचा?

काकांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. हवेतच ड्रिल धरून म्हणाले, "आरपार निघायच्या जरा आधी हाताला कळतं. तिथं दाब सोडायचा, नाहीतर टोक मोडलंच."

भाच्याने खिशातून पेन काढले. "काका, पुन्हा एकदा सांगा."