पार्सल

रमजानचा चाँद दिसला की आमच्या कुर्ल्याच्या घरात एक प्रश्न हमखास निघायचा : यंदा मोहम्मद अली रोडला कधी जायचे? तरावीहची नमाज आटोपली की धाकटा भाऊ मोटारसायकल काढायचा आणि मला मागे बसवायचा. मिनारा मशिदीची रोषणाई, कढईत फुलणारे मालपुवे, मातीच्या वाटीतली फिरनी, सीख कबाबचा धूर, टोप्या-अत्तराच्या गाड्या, रात्री दोन वाजताही दिवसासारखी गर्दी. मुंबईच्या मुसलमानाची ही महिनाभराची जत्राच. हिंदू मैत्रिणीही हौसेने यायच्या.

चार वर्षांपूर्वी बांधकामावर काम करताना भाऊ दुसऱ्या मजल्यावरून पडला. मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण पाय गेले. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. घरी बसून मोबाईल दुरुस्त करतो, चार पैसे कमावतो. त्यानंतर दरवर्षी आम्ही मोहम्मद अली रोडला जाऊन त्याच्यासाठी पार्सल आणत राहिलो. आपण त्याची किती काळजी घेतो, असे आम्हाला वाटायचे. गेल्या रमजानमध्ये मी डबा त्याच्यापुढे ठेवला, तर त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "आपा, मालपुवा तो कुर्ले में भी मिलता है. मैं क्या मालपुवा खाने जाता था?"

अम्मी उठून आत गेली. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला असताना समावेशक शिक्षणावर मी पानेच्या पाने लिहिली होती. रॅम्पचा चढ एकास बारा असावा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे मला तोंडपाठ होते. त्या उत्तराला चांगले गुणही मिळाले होते. पण स्वतःच्या भावाला एका गल्लीत नेण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. "गर्दीत त्याला त्रास होईल," एवढे म्हटले की विषय संपायचा.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे निघालो. पहिली अडचण घरासमोरच आली. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी, खुर्ची ठेवायला जागा नाही. दोन टॅक्सीवाले तसेच निघून गेले. तिसऱ्याने खुर्ची टपावरच्या कॅरिअरला दोरीने बांधली.

जे. जे. उड्डाणपुलाच्या खाली उतरलो आणि ओळखीचा रस्ता मला अनोळखी वाटू लागला. इतक्या वर्षांत फूटपाथची कड माझ्या कधी लक्षात आली नव्हती. सहा इंचांची कड म्हणजे सहा फुटांचा उतार हवा, हा हिशेब आता डोळ्यांसमोर उभा राहिला. फूटपाथवर गाड्या लागलेल्या, म्हणून रस्त्यावरून जावे तर मागून मोटारसायकलींचे हॉर्न. एका ठिकाणी चाक अडले. दोन तरुण धावत आले आणि काही न विचारता त्यांनी गादी उचलावी तशी खुर्ची भावासकट उचलली. मुले भली होती. पण भावाने दोन्ही हात घट्ट आवळून धरले होते. खाली ठेवल्यावर तो त्यांना शुक्रिया म्हणाला आणि मग हळूच म्हणाला, "भाई, अगली बार पहले पूछ लेना."

गल्लीत शिरल्यावर मी एकदा वाकून त्याच्या उंचीवरून बघितले. दिव्यांच्या माळा नाहीत, मशीद नाही, फक्त लोकांच्या पाठी आणि हातातल्या पिशव्या. शेगडीची धग आणि कबाबचा धूर थेट तोंडावर. पैसे घेणाऱ्याचा ओटा इतका उंच की मागे बसलेला माणूस दिसतच नाही. गरम तेलाची कढई त्याच्या अगदी चेहऱ्याजवळून जात होती.

खायला बसावे तर लोखंडी टेबलाला दोन्ही बाजूंनी बाकडी. खुर्ची आत जाईना. नोकराने आम्हाला भांडी धुण्याच्या टपाशेजारी जागा दाखवली. तिथे थांबलो असताना एक बुजुर्ग गृहस्थ आले. भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वीस रुपयांची नोट त्याच्या मांडीवर ठेवली.

रमजानमध्ये सदका देण्याचा सवाब मोठा. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण भावाच्या खिशात त्याच्या कमाईचे पैसे होते आणि आज आपाला तो खाऊ घालणार होता. त्याने नोट परत दिली. "चाचा, मैं भी खाने ही आया हूँ. बैठिए, फिरनी मँगवाता हूँ." गृहस्थ ओशाळले, दुआ देऊन निघून गेले.

टेबलावरच्या पोराने हे पाहिले असावे. काही न बोलता त्याने कडेचे बाकडे उचलून भिंतीला लावले. रिकाम्या जागेत खुर्ची नीट बसली. भावाने टेबलावर कोपरे टेकली, दोन फिरनी मागवल्या आणि चार वर्षांनी मी त्याला गल्लीत खळखळून हसताना पाहिले. एक बाकडे हलवायला एक मिनिटही लागले नव्हते.

कायद्याची वाण नाही. 1995 साली पहिला कायदा झाला, 2016 साली त्याहून व्यापक असा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. फूटपाथवरचे खांब व्हीलचेअरची वाट अडवतात, असे एका मुंबईकराने पत्र लिहून कळवले, तेव्हा 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारस म्हणून नकोत, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारला बजावले. हे सारे व्हायलाच हवे. पण रमजानच्या रात्री गर्दी सांभाळायला मोहल्ल्यातली पोरे दोऱ्या धरून उभी असतातच. त्यांनी एका गल्लीत मोटारसायकली बंद केल्या, कडेला लाकडी फळीचा उतार ठेवला, प्रत्येक दुकानदाराने एका टेबलाचे एक बाकडे कमी केले, तर कोणत्या निकालाची वाट पाहावी लागणार आहे?

कुरआनातली सूरह अबस मी मुलांना अनेकदा समजावून सांगितली आहे. अंध सहाबी इब्ने उम्मे मकतूम प्रश्न विचारायला आले, तेव्हा प्रतिष्ठितांशी चाललेल्या बोलण्यात त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि त्याबद्दल खुद्द पैगंबरांना समज देण्यात आली. हेच इब्ने उम्मे मकतूम पुढे मदिनेत अजान देत. त्यांना खैरात नको होती, मजलिसीत जागा हवी होती. मी ते शिकवत राहिले, स्वतः शिकले नाही.

कारण घरी परतताना मला भावापेक्षा दुसरेच कुणी आठवत होते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पायाने अधू असलेली एक मुलगी होती. वर्गाची सहल राणीच्या बागेत जायची होती. मी तिच्या आईला बोलावून गोड शब्दांत सांगितले, "तिला त्रास होईल, घरीच राहू द्या. आम्ही तिच्यासाठी खाऊ आणू." आई मान डोलावून गेली. दुसऱ्या दिवशी मी खाऊची पुडी मुलीच्या हातात दिली, तेव्हा ती "शुक्रिया, टीचर" म्हणाली होती. मला त्या वेळी बरे वाटले होते.

ती मुलगी आता आमच्या शाळेत नाही. यंदाच्या सहलीआधी मी स्वतः जाऊन वाट पाहून आले : कुठे पायरी आहे, कुठे उतार आहे, स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद आहे. वर्गात सध्या व्हीलचेअरवरचे कुणी नाही. तरी वहीत सगळे लिहून ठेवले आहे.